भिंतीला ड्रिल, लाकडाला रंधा

सुतारकाम हा माझा पोटाचा धंदा नाही, हौस आहे. पुण्यातला छोटा फ्लॅट, बाल्कनी हीच कार्यशाळा आणि झेप फळ्या, मांडण्या, फार तर एखादं बाकडं एवढीच. हातानं करावं की मशीननं, हा वाद मी पूर्वी तावातावानं घालायचे. आता प्रत्येक कामापुरतं वेगळं मत झालंय.

१. भिंतीपुढे हातकामाचं कौतुक टिकत नाही. आजोबांच्या पिढीतली माणसं छिन्नीनं भोक पाडून त्यात लाकडी गुट्टी ठोकायची. विटांच्या भिंतीला ते चालून जायचं. आमच्याकडे मधेच काँक्रीटचा बीम लागतो आणि तिथे साधं हॅमर ड्रिलसुद्धा नुसतं किंचाळतं. त्याच्या आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर खडखडतात, रेटा मात्र आपल्यालाच द्यावा लागतो. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबावर चालणारा दट्ट्या ठोके देतो. आपण फक्त नीट धरून उभं राहायचं. माझ्या दंडांच्या ताकदीबद्दल माझा जो काही समज होता, तो त्या बीमनं निकालात काढला.

२. चार काप घ्यायचे तर करवतच बरी. सर्क्युलर सॉ काढायची म्हणजे फळी क्लॅम्पनं आवळा, सरळ पट्टी बांधा, एक्स्टेंशन बोर्ड ओढा, सोफ्यावर चादर टाका. एवढ्यात हातानं निम्मं काम झालेलं असतं. शिवाय तिचं पातं प्रत्येक कापाला २-३ मिलिमीटर लाकूड भुशात घालवतं, ते मापात धरावं लागतं. मात्र ८ बाय ४ फुटांची प्लायवूडची अख्खी शीट असेल, तर दोन्हीचा अभिमान गिळून दुकानातच मापानं कापून घ्यावी. तशीही ती लिफ्टमध्ये मावत नाही.

३. हाताच्या हत्याराचं अर्धं काम धार लावण्याचं असतं, हे विकत घेताना कोणी सांगत नाही. नवा कोरा रंधासुद्धा बहुधा लगेच चालवण्याजोगा नसतो. पातं उजेडात धरून बघा. धारेवर बारीक पांढरी रेघ चमकली, तर तिथे ते बोथट आहे. खरी धार डोळ्यांना दिसतच नाही. ती रेघ नाहीशी होईपर्यंत पातं दगडावर घासत बसायचं. सुरुवातीला मला ही शिक्षा वाटायची, आता घरातल्यांना टाळायला बरं निमित्त मिळतं. करवतीचं आणखी वेगळं. हल्लीच्या बऱ्याच करवतींच्या दातांची टोकं निळसर-काळी दिसतात. ते दात मुद्दाम कडक केलेले असतात, कानस त्यांच्यावर घसरते. बोथट झाली की करवत फेकायची. जुन्या बाजारातली गंजकी करवत मात्र तिकोनी कानशीनं पुन्हा कामाला लागते. मला तीच प्रिय आहे. यात भाबडेपणा किती आणि काटकसर किती, ते विचारू नका.

४. हत्यार पुष्कळदा शेजारी ठरवतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र १० ते सकाळी ६ अशी आहे. आमच्या सोसायटीत दुपारी १ ते ४ ही वेळही रात्रीतच मोडते. त्या वेळात पटाशी चालते, तीही हलक्या हातानं.

५. धुळीच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. रंध्याचे छिलके खाली पडतात, केरसुणीनं निघतात. सँडरची पूड हवेत तरंगते आणि संध्याकाळी देव्हाऱ्यापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळीकडे सापडते. हा केवळ घर आवरण्याचा प्रश्न नाही. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच नोंदवलंय. म्हणून भरीव लाकूड मी रंध्यानंच साफ करते. प्लायवूडला तो चालत नाही; वरचा पापुद्रा निघून जातो आणि आतला गोंद धार खातो. तिथे मास्क लावून पॉलिशपेपर.

६. शेवटचा अर्धा मिलिमीटर हाताचाच. जुलैत खण अडकतो, कारण दमट हवेत लाकूड रुंदीत फुगतं. लांबीत जवळजवळ नाहीच. लगेच मोठा हात मारला तर उन्हाळ्यात तोच खण खुळखुळतो. अशा वेळी रंध्याचा एक पातळ छिलका काढायचा, खण सरकवून बघायचा, वाटलं तर आणखी एक. मशीनला ‘किंचित’ सांगता येत असेल, पण मला अजून जमलेलं नाही.

नव्यानं सुरुवात करत असाल तर ड्रिल, एक चांगली करवत, छोटा रंधा आणि गुण्या विकत घ्या. रोटरी हॅमर भाड्यानं आणा, सँडर कोणाकडून मागून. डोळ्यांवर चष्मा कायम हवा. आणि ड्रिल चालवताना सैल कापडी हातमोजे घालू नका. फिरता बिट ते बोटांसकट ओढून घेतो.