संगणकाचा पंखा आणि त्याचा आवाज

गेल्या वर्षी आमच्या संगणक-कक्षात एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. खोलीतील सर्व यंत्रे चालू झाली, की त्यांच्या पंख्यांची अशी घरघर सुरू होई, की मागील बाकांवरील मुलांस शिक्षकांचे शब्द धड ऐकू येत नसत. त्यात जांबोटीचा पाऊस कौलांवर कोसळू लागला, म्हणजे शिकवणे जवळजवळ बंदच ठेवावे लागे. तेव्हा एका विद्यार्थ्याने आपल्या परीने उपाय शोधला. त्याने यंत्राची पेटी उघडून आतील पंख्याची तारच काढून ठेवली! काही मिनिटे शांतता लाभली. मग यंत्र मंदावले आणि अखेरीस आपण होऊन बंद पडले. त्या मुलास आम्ही रागे भरलो हे खरे. परंतु त्याची तक्रार खोटी नव्हती, हेही आम्हांस कबूल करावे लागले.

संगणकातील प्रोसेसर जी वीज घेतो, ती जवळजवळ सर्वच्या सर्व अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. तापमान बहुधा १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले, की तो स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद होते. ही उष्णता प्रथम प्रोसेसरवर बसविलेल्या धातूच्या पातळ पत्र्यांच्या जुडग्यात पसरते. हे जुडगे बहुधा अल्युमिनियमचे असते. (अल्युमिनियम ज्या अल्युमिनापासून काढतात, ती आपल्या बेळगावच्या कारखान्यात तयार होते, हे जाता जाता सांगावेसे वाटते.) पत्र्यांतून ती उष्णता पेटीबाहेर नेण्याचे काम वाऱ्याचे.

हा वारा किती लागतो? आपणच हिशेब करू. समजा, यंत्रात १०० वॅट उष्णता निर्माण होते, आणि आत आलेली हवा बाहेर पडेपर्यंत १० अंशांनी तापलेली चालेल. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम, आणि एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापविण्यास सुमारे १००० ज्यूल उष्णता लागते. यावरून दर सेकंदास सुमारे ८ लिटर हवा पुरेशी ठरते. म्हणजे एका लहान कळशीत मावेल एवढीच! हे उत्तर पाहून आम्ही चकित झालो. इतक्या थोड्या वाऱ्यासाठी एवढा गोंगाट कशाला?

गोंगाटाचे कारण पंख्याच्या वेगात आहे. पंख्याचा वेग निम्मा केला, तर वारा निम्मा होतो; परंतु त्यास लागणारी शक्ती एक-अष्टमांशावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबलची घट आपल्या कानांस साधारणतः निम्म्या आवाजासारखी भासते, हे लक्षात घेतले म्हणजे या १५ डेसिबलचे मोल कळेल. वारा थोडा गमवावा आणि शांतता भरपूर मिळवावी, असा हा सौदा आहे.

मग गमावलेला वारा भरून कसा काढावयाचा? पंखा मोठा घेऊन. वीज गेली असता पुठ्ठ्याच्या तुकड्याने भरभर वारा घेणारा माणूस लवकर दमतो, आणि सुपाने सावकाश वारा घालणाऱ्यास तेवढेच सुख कमी श्रमात मिळते, हे आपण घरोघर पाहतो. एकाच घडणीचे ८० आणि १२० मिलिमीटरचे दोन पंखे एकाच वेगाने फिरविले, तर मोठा पंखा सुमारे ३.४ पट वारा देतो. म्हणजे लहान पंखा मिनिटास २७०० फेरे घेऊन जे काम करील, ते मोठा पंखा ८०० फेऱ्यांत करील. प्रत्यक्षात बहुतेक पंख्यांची जाडी २५ मिलिमीटरच असते, त्यामुळे लाभ याहून काहीसा कमी. तथापि तो थोडाथोडका नव्हे.

मात्र पंखा आणण्यापूर्वी पेटीवरील भोके मोजावीत. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या भोकांतील अंतर १०५, तर ८० मिलिमीटरच्याचे ७१.५ मिलिमीटर असते. न मोजता आणलेला पंखा बसतच नाही, हा धडा आम्ही स्वखर्चाने शिकलो. स्क्रूच्या जागी रबरी खुंट्या वापराव्यात. नाही तर तंबोऱ्याचा भोपळा तारेचा नाद वाढवितो, तशी पत्र्याची पेटी पंख्याची कंपने वाढविते.

आता नियंत्रण. चार तारांच्या पंख्यात एक तार जमिनीची, एक १२ व्होल्टची, एक वेग कळविणारी व एक आज्ञा देणारी असते. आज्ञेच्या तारेतून सेकंदास सुमारे २५,००० स्पंदने जातात, आणि प्रत्येक स्पंदन किती काळ टिकते यावरून वेग ठरतो. मानवी कानास सुमारे २०,००० पलीकडील कंपने ऐकू येत नाहीत. म्हणून हा आकडा मुद्दाम वर ठेवला आहे. तीन तारांच्या पंख्याचा वेग व्होल्ट कमी करून उतरवितात. पण ते फार उतरविले तर पंखा सुरूच होत नाही. यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या बायॉस नावाच्या व्यवस्थेत कोणत्या तापमानास किती वेग, हे लिहून ठेवता येते. आम्ही ५० अंशांपर्यंत पंखा संथ ठेवला, पुढे वेग हळूहळू वाढविला आणि ८० अंशांस पूर्ण केला. पहिल्या प्रयत्नात पंखा क्षणाक्षणाला चढू-उतरू लागला, आणि ती चढ-उतार सततच्या घरघरीहूनही त्रासदायक वाटली. बदलापूर्वी काही सेकंद थांबण्याची सूचना दिल्यावर तो स्थिरावला.

एवढे करूनही आपल्या भागात एक शत्रू उरतोच. उन्हाळ्यात तांबडी धूळ आत जाते, पावसाळ्याच्या दमट हवेत ती पत्र्यांवर घट्ट बसते, वारा अडतो, तापमान चढते आणि पंखा पुन्हा ओरडू लागतो. यंत्रावर घातलेले कापडी आच्छादन ते चालू असताना काढून ठेवावे, आणि पेटीची मागील बाजू भिंतीस टेकवू नये. सफाई मृगापूर्वी एकदा करावी व खंडेनवमीस यंत्रे पुसतोच, तेव्हा दुसऱ्यांदा. वीज तोडून, पंख्याचे पाते बोटाने धरून मगच हवा मारावी; मोकळे सोडल्यास ते भलत्या वेगाने फिरते, त्याचे बेअरिंग बिघडते आणि उलट वीज निर्माण होऊन मंडलात शिरण्याचा धोका असतो. यंदा हे काम आम्ही त्या तार काढणाऱ्या विद्यार्थ्याकडेच सोपविले आहे.