कुकर घरीच ठेव

चिमे, तू पाठवलेली ती एक्सेल शीट मी चहा पिता पिता उघडली आणि चहा गार झाला गं. सात दिवसांत तीन बेटं! सव्वासातला नाश्ता, साडेआठला बोट, दुपारी पाऊण तास 'निवांत वेळ'. ही सुट्टी आहे की गौरी जेवायच्या दिवसाची धावपळ? दहा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही दोघंच जाताय, आई त्यासाठी सोलापूरहून मुलांजवळ राहायला येतेय, आणि तू काय केलंस तर वेळापत्रक. फोनवर बोलले असते तर तू मधेच 'हो गं ताई, बघते' म्हणून ठेवला असतास. म्हणून लिहितेय.

एक बेट, एक घर, सात रात्री. बास. आम्ही दोघं सेंट जॉनला गेलो होतो त्याचे फोटो तू पाहिलेस. फोटोत जे नाही ते आज सांगते.

आधी कामाचं उरकते. अमेरिकेच्या ताब्यातल्या व्हर्जिन बेटांमधली तीन मोठी, त्यातलं सेंट जॉन सगळ्यात लहान, वीसेक चौरस मैलांचं. १९१७ साली अमेरिकेने ही बेटं डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला विकत घेतली, त्यामुळे व्यवहार डॉलरमध्येच. बेटावर विमानतळ नाही. सेंट थॉमसला उतरायचं, टॅक्सीने रेड हूकला जायचं आणि तिथून वीस मिनिटांची फेरीबोट. अर्ध्याहून जास्त बेट १९५६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, म्हणून किनाऱ्याला हॉटेलांची भिंत नाही. आणि एक लक्षात ठेव. हा अमेरिकेचाच भाग असला तरी परत येताना सेंट थॉमसच्या विमानतळावर कागद तपासतात. तुमचं ग्रीन कार्ड अजून यायचंय, तेव्हा पासपोर्ट, व्हिसा, सगळं जवळ हवं. कपाटात जपून ठेवून जाऊ नका.

गाडी जीपच घ्या. रस्ते उभ्या चढाचे आणि वळणं अशी की वरंधा घाट आठवावा. गंमत म्हणजे तिथे गाड्या डाव्या बाजूने चालतात, पण स्टिअरिंगही डावीकडेच. म्हणजे रस्ता सोलापूरचा आणि गाडी न्यू जर्सीची. पहिल्याच वळणावर मी 'डावीकडे, डावीकडे!' असं किंचाळले. तुझे भावोजी म्हणाले, "मला कळतं." घर येईपर्यंत आमचं एवढंच संभाषण झालं.

घर मात्र बघत राहावं असं. डोंगरउतारावर, बैठकीची खोली समुद्राकडे सताड उघडी, पुढे लाकडी डेक, त्यावर दोन झोपाळे. आत गेले आणि पहिली नजर कशावर पडली, सांग बघू? स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या पाटीवर. पाणी जपून वापरा, दर वेळी फ्लश करू नका, नळ सोडून भांडी घासू नका. त्या बेटावर बारमाही नदी नाही. छपरावर पडलेला पाऊस पन्हळीतून घराखालच्या टाकीत उतरतो आणि तेच पाणी नळाला येतं. टाकी आटली की पैसे मोजून टँकर मागवायचा. चार दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात वाढलेली मी! एवढ्या भाड्याच्या घरात बादलीचा हिशोब आला म्हटल्यावर मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं झालं. तू एरवी अर्धा तास शॉवरखाली गाणी म्हणतेस, तेवढं आवर.

आता माझी चूक सांगते. हसू नकोस.

मी कुकर नेला होता. तीन लिटरचा. त्यात तूरडाळ भरली होती, सोबत गोडा मसाला, पोहे, दाण्याचं कूट, शेंगाचटणी. कारण काय, तर बेटावर सगळं बोटीने येतं आणि वाणसामान महाग असतं. ते खरंच आहे. पण त्यामुळे झालं काय, तर पहिल्या संध्याकाळी समोर समुद्र केशरी होत होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून शिट्ट्या मोजत उभी. तुझे भावोजी डेकवर लॅपटॉप मांडून 'फक्त दहा मिनिटं' बसलेले. ती दहा मिनिटं तुझ्याही घरची आहेत, मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मी ओटा पुसला, फरशी पुसली, कपाटातले ग्लास उंचीप्रमाणे लावले. परक्याच्या घरातले गं!

तिसऱ्या दिवशी दुपारी भडका उडाला. मी म्हटलं, "एवढ्या लांब येऊन मी स्वयंपाकच करतेय." ते शांतपणे म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं?"

चिमे, इतका राग आला म्हणून सांगू! पायऱ्या उतरून गाडीत जाऊन बसले. किल्ली वर राहिली होती, म्हणून नुसतीच बसले. घाम गळायला लागल्यावर लक्षात आलं की, राग त्यांच्या बोलण्याचा नव्हता. खरंच मला कुणीच सांगितलं नव्हतं, याचा होता. रिसॉर्टमध्ये ताट आयतं पुढे येतं, तिथे हा प्रश्न उठतच नाही. भाड्याच्या घरात चूल असते आणि वायफायही असतं, आणि आपण दोघंही सवयीने आपापल्या जागी जाऊन उभे राहतो. घर बदललं तरी माणसं तीच ना.

म्हणून जायच्या आधी, इथेच, चहाच्या टेबलावर बसून बोला. 'मी मदत करीन' हे वाक्य चालवून घेऊ नकोस, काम कुणाचं ते ठरव. आमचं भांडणानंतर ठरलं: सकाळचा चहा-नाश्ता त्यांचा. दुपारी गॅस पेटवायचाच नाही, पाव, चीज, फळं, असेल ते. रात्री एक दिवस मी, एक दिवस ते, दोनदा बाहेर. लॅपटॉप सकाळी एक तास, नंतर बॅगेत. त्यांनी दोन ऑम्लेटं करपवली. मी एक शब्द बोलले नाही. समुद्रात पोहणं त्याच्यापेक्षा सोपं आहे.

बाहेर जेवायला गेलीस तर रोटी मिळते का विचार. आपली चपाती नव्हे. त्रिनिदादला ऊसमळ्यांवर गेलेल्या आपल्याकडच्या मजुरांनी ती त्या समुद्रात नेली. पातळ पोळीत बटाटा-चण्याचा हळदीचा रस्सा गुंडाळून देतात. मात्र कुठेही, दुकानात, बसमध्ये, अगदी रस्ता विचारायलासुद्धा, आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचं आणि मग तोंड उघडायचं. रात्री भेटल्यावरही 'गुड नाइट' म्हणतात, निरोपाचं नव्हे, नमस्काराचं. मी पहिल्या दिवशी दुकानात थेट 'दूध कुठे आहे' विचारलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." आपली आजीच जणू. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बटाट्यावरून आठवलं. रीफ बेच्या जंगलवाटेवर एक डोह आहे, त्याच्या काठच्या खडकांवर टायनो लोकांनी कोरलेल्या आकृत्या आहेत. कोलंबसाच्या आधीपासून या समुद्रातल्या बेटांवर राहणारी ही माणसं. हॅमॉक त्यांचा शब्द, हरिकेन त्यांचा, आणि बटाटाही त्यांचाच! मूळ अर्थ रताळं. स्पॅनिश, पोर्तुगीज तोंडांतून फिरत फिरत आपल्याकडे आला. म्हणजे मी कुकरमध्ये बटाटे उकडले ते त्या शब्दाच्या माहेरात. सीताफळाचं झाडही तिकडचंच. ते मला डेकच्या खालीच दिसलं आणि उगाच भरून आलं.

आता जे तुला कुणी सांगणार नाही ते. तुम्ही दोघं पहिले दोन दिवस मुलांबद्दल बोलाल. मग तो विषय संपेल आणि लक्षात येईल की दुसरा विषयच नाही. मी घाबरले होते. चौथ्या संध्याकाळी आम्ही त्या झोपाळ्यांवर तासभर गप्प पडून होतो. मनात म्हटलं, संपलं वाटतं आपलं. मी लगेच उद्याचा बेत काढणार होते, पण जीभ आवरली. तूही आवर. ती शांतता भरून काढू नकोस, फोन तर हातात घेऊच नकोस.

पाचव्या दिवशी सकाळी डेकच्या कठड्यावर एक पिवळ्या पोटाचा इवलासा पक्षी आला. तिकडे त्याला शुगर बर्ड म्हणतात. बशीत साखर ठेवली तर हातभर अंतरावर येऊन खातो. त्याला बघत बसलो होतो, तेवढ्यात खालून मुंगूस पळालं. दिवसाढवळ्या, आपल्या शेतात दिसतं तसं. तुझ्या भावोजींनी शोधून काढलं की ते खरंच आपल्याकडचं. उसातले उंदीर मारायला १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली आणि तिथून ती बाकीच्या बेटांवर पसरली. पण उंदीर बाहेर पडतात रात्री आणि मुंगूस हिंडतं दिवसा. एकाच मळ्यात राहून दोघांची गाठच पडत नाही. हे वाचून ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "आपल्यासारखंच." त्यांची सातची लोकल, माझी दवाखान्यातली संध्याकाळची पाळी. मी इतकी हसले की पक्षी उडाला. आणि मग जे बोलायला लागलो ते दिवे गेले तरी बोलतच होतो. दिवे खरंच गेले होते. तिकडे वीज अशी जाते, टॉर्च ने.

समुद्राचं थोडक्यात. सकाळी नऊच्या आत पोचायचं, नंतर गाडी लावायला जागा नसते. ट्रंक बेला पाण्याखाली माहितीच्या पाट्या लावलेली वाट आहे, पण माझं मन माहो बेमध्ये राहिलंय. पाणी उथळ, तळाशी गवत, आणि ते चरायला कासवं येतात, अगदी म्हशींच्या संथपणाने. हात लावायचा नाही, पाठलाग करायचा नाही. नेहमीचं सनस्क्रीन नेऊ नकोस. प्रवाळांना घातक रसायनं असलेली सनस्क्रीनं तिथे २०२० पासून बेकायदा आहेत, झिंक ऑक्साइडवालं घे. किनाऱ्यावर छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं पडलेली दिसली तर लांब राहा. ते मँचिनील, फळ विषारी आणि चीकही. पाऊस आला म्हणून त्या झाडाखाली उभी राहिलीस तरी अंगावर फोड येतात.

मला पोहता येत नाही हे तुला ठाऊक आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी लाइफ जॅकेट घालून, नवऱ्याचा हात धरून पाण्यात तोंड घातलं. आणि स्विमसूटची लाज म्हणशील, तर मी लांब बाह्यांचा टॉप आणि लेगिंग घालून उतरले. कुणीही बघत नाही. बघणारी एकच बाई असते, ती आपल्या डोक्यात राहते.

एक सकाळ ॲनाबर्गसाठी ठेवाच. जुन्या साखर कारखान्याचे अवशेष आहेत, पवनचक्की, काहिली ठेवायच्या भट्ट्या. ही सगळी साखर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी काढली. १७३३ मध्ये त्यांनी याच बेटावर उठाव केला आणि कित्येक महिने बेट धरून ठेवलं. तिथे उभं राहिलं की समोर टॉर्टोला दिसतं, मधे चिंचोळा समुद्र. ते इंग्रजांचं, तिथली गुलामगिरी १८३४ मध्ये गेली. इकडे डेन्मार्कच्या राज्यात १८४८ उजाडावं लागलं. मधल्या वर्षांत इथली माणसं रात्री होड्यांतून पलीकडे पळत. आपण राहतो त्या घरांच्या पत्त्यांत अजून 'इस्टेट' हा शब्द असतो, तो या मळ्यांचाच. त्या संध्याकाळी साखर घातलेला चहा प्यायला जरा जड गेलं.

महिना कोणता घ्यायचा म्हणशील तर एप्रिलचा शेवट. डिसेंबरच्या मध्यापासून भाडी चढलेली असतात, एप्रिल अर्धा सरला की उतरतात. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. २०१७ च्या सप्टेंबरात दोन आठवड्यांच्या अंतराने इर्मा आणि मारिया अशी दोन वादळं या बेटांवर आदळली होती, तेव्हा पैसे भरण्याआधी रद्द करायच्या अटी नीट वाच. घरमालकाला तीन गोष्टी विचार: जनरेटर आहे का, पायऱ्या किती, आणि एसी कोणत्या खोलीत. आमच्याकडे पायऱ्या एकेचाळीस होत्या. कुकर मीच वर नेला होता.

जावईबापूंना हे पत्र दाखवू नकोस, भावोजींची अब्रू आहे. ती एक्सेल शीट मी पुसून टाकलीय. पोचलात की फक्त 'पोचलो' एवढा मेसेज टाक, आणि मग आठवडाभर मला फोन करू नकोस.