किल्ल्यात हॉटेल : आधी तीन प्रश्न

माहुली गडावरून तानसा तलाव दिसला की ग्रुपमधला कुणीतरी हमखास म्हणतो, "यार, इथे एक हॉटेल पाहिजे होतं!" २०१९ मध्ये राज्यातले काही किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी भाड्याने देणार अशी बातमी आली, तेव्हा मात्र सगळीकडे संताप उसळला. शिवरायांशी संबंधित किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. मित्रांनो, राग बरोबरच होता. पण आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा जरा हिशोबही करून पाहू.

स्पेनमध्ये सरकारी कंपनी 'पारादोर' नावाची हॉटेलं चालवते. सुरुवात १९२८ ची. त्यातली बरीचशी जुन्या मठांत, किल्ल्यांत आहेत. सांतियागो इथलं पारादोर म्हणजे मुळात यात्रेकरूंसाठी राजाने बांधलेलं रुग्णालय. १९५४ साली त्याचं हॉटेल झालं. आपल्याकडे गोवा सरकारच्या मालकीच्या तेरेखोल किल्ल्यातही हॉटेल झालं. मग माहुलीवर का नको?

पहिला प्रश्न, इमारत आहे का? सांतियागोला भिंती, छप्पर, खोल्या शाबूत होत्या. माहुलीवर दरवाजा, देवड्या, टाकी आणि पडके अवशेष उरलेत. तिथे हॉटेल म्हणजे रूपांतर नव्हे, सरळ नवं बांधकाम!

दुसरा, पाणी. आय. एस. ११७२ प्रमाणे हॉटेलच्या एका खाटेला रोज १८० लिटर धरतात. २० खाटांना ३,६०० लिटर. पावसाळ्यानंतरचे २४० दिवस धरले तर ८,६४,००० लिटर, म्हणजे १२ मीटर लांब, १२ रुंद आणि ६ खोल असं काठोकाठ भरलेलं टाकं. सांडपाणी कुठे सोडणार? खाली तर तानसा अभयारण्य.

तिसरा, दार कुणासाठी उघडं? पुरंदरच्या तहात गेलेला आणि १६७० मध्ये परत मिळवलेला हा गड आज कुणीही चढू शकतो. खोलीचं भाडं भरणाऱ्यापुरता तो उरला, तर दुरुस्ती होऊनही आपण गमावलाच.

म्हणून सरकारने जुन्या वास्तूंत हॉटेलं काढूच नयेत असं नाही. छप्पर शाबूत असलेली, रस्त्याला लागून असलेली, पूर्वीही मुक्कामालाच वापरलेली इमारत निवडावी. दुरुस्ती चुन्यात करावी, कारण सिमेंटच्या गिलाव्यात जुन्या भिंतीची ओल कोंडते. चुन्यावर भरवसा नसेल तर खाली तानसाचं धरण बघा. दगड-चुन्याचं ते काम १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय.

पुढच्या रविवारी माहुलीला जाल तेव्हा डब्याबरोबर मोजपट्टीही घ्या. एक टाकं मोजा आणि गणित स्वतः करा!