गिऱ्हाईक म्हणतं "माशाला औषध द्या", तेव्हा बाटली काढण्याआधी काय विचारायचं?

पावसाळा लागला की ॲक्वेरियमच्या दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं: "दादा, माशाला पांढरे ठिपके आलेत, काहीतरी औषध द्या." या आठवड्याचा व्हिडिओ याच वाक्यावर आहे. काउंटरवर कसं बोलायचं ते तिथे बघितलंत. पाण्यात नेमकं काय चालतं ते व्हिडिओत घाईत झालं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. घरी टँक आहे पण दुकान नाही, त्यांनाही हे तितकंच लागू आहे.

आधी हिशेब बघू. समजा बाटली 80 रुपयांची, त्यात तुम्हाला सुटतात 25. ती देऊन गिऱ्हाईक वाटेला लावायला अर्धा मिनिट लागतो. मासे मेले तर ते दुसरी जोडी नेतं, तीही मेली की तिसरी. मग घरात कोणीतरी म्हणतं, "नको तो पाप-व्याप," आणि टँक माळ्यावर जातो. त्या टँकसोबत पुढच्या तीन-चार वर्षांचं खाद्य, फिल्टरचा स्पंज, झाडं, मासे, सगळी विक्री माळ्यावर गेली. शिवाय लहान मुलं असलेल्या घरात मासा मरणं ही काही छोटी गोष्ट नसते.

म्हणून पहिला प्रश्न औषधाचा नाही. "टँक कधी लावला?" हा आहे.

उत्तर "पंधरा दिवस झाले" असं आलं, तर बहुतेक वेळा तो आजार नसतोच, अमोनिया असतो. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जीवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत आपण पहिल्याच दिवशी दहा मासे विकले असतील, तर ते मासे स्वतःच्याच घाणीत पोळत असतात. वर येऊन तोंड उघडमीट करणं, कल्ले लाल होणं, कोपऱ्यात निपचित पडणं ही त्याची लक्षणं. यात निळं औषध ओतलं तर जे थोडे जीवाणू तयार झालेत, त्यांनाही फटका बसतो.

दुसरा प्रश्न पाणी बदलण्याचा. आपल्याकडे रविवारी टँक पूर्ण रिकामा करून, खडे आणि स्पंज नळाखाली चकाचक धुवायची पद्धत घरोघरी आहे. स्वच्छतेच्या नावाखाली जीवाणूंची अख्खी वसाहत क्लोरीनच्या पाण्यात धुतली जाते आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. गिऱ्हाइकाला रागावू नका, त्याला हे कोणी सांगितलेलंच नसतं. स्पंज टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळायचा, आणि एका वेळी पाव ते तीसेक टक्केच पाणी बदलायचं. नवीन पाण्यात हायपो म्हणजे अँटीक्लोरीन टाकायचं, एवढं सांगा.

एक अंदाज नेहमी कामी येतो. सगळे मासे एकदम, काही तासांत बिघडले तर संशय पाण्यावर घ्या. एक-एक करून, दोन-चार दिवसांच्या अंतराने बिघडत असतील तर आजारावर. काउंटरवर अमोनियाचं एक टेस्ट किट उघडून ठेवा आणि तपासणी फुकट करा. गिऱ्हाइकाला सांगायचं, साध्या धुतलेल्या बाटलीत टँकचं पाणी घेऊन या. जम बसलेल्या टँकमध्ये अमोनिया शून्य यायला हवा. आला तर खाद्य दोन दिवस बंद आणि रोज पाव टँक पाणी बदल. त्या दिवशी औषधाची विक्री नाही, हायपोची होईल.

आता खरे पांढरे ठिपके

ठिपके रव्याच्या किंवा मिठाच्या कणाएवढे, अंगावर आणि परांवर विखुरलेले, आणि मासा खड्यांवर अंग घासतोय. हा व्हाइट स्पॉट, ज्याला इक म्हणतात. हा एक परजीवी आहे, आणि त्याचं चक्र समजलं नाही तर कुठलंही औषध फसतं.

दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसलेला परजीवी. तिथे त्याला औषध लागत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याची शेकडो पिल्लं होतात. कवचातही औषध पोचत नाही. ती फुटून पिल्लं पाण्यात पोहायला लागली की दोनेक दिवसांत त्यांना मासा सापडावा लागतो, नाहीतर ती मरतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. औषध टाकलं, तीन-चार दिवसांत ठिपके गायब. तो खूश, औषध बंद. खरं म्हणजे ठिपके बरे झालेले नसतात, गळून तळाशी गेलेले असतात. काही दिवसांत दहापट ठिपके येतात आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं, "तुमचं औषध डुप्लिकेट आहे." त्यामुळे बाटली देतानाच सांगा: शेवटचा ठिपका गेल्यावरही लेबलप्रमाणे आणखी आठवडाभर डोस चालू ठेवायचा, आणि दर वेळी तळाची घाण पाइपने ओढून घ्यायची.

पाणी गार असेल तर हे चक्र लांबतं, गरम असेल तर आवरतं. पावसाळ्यात आणि थंडीत रात्री पाणी उतरतं, मासा अशक्त होतो आणि इक तेव्हाच जोर धरतो. म्हणून हिटर लावून तापमान हळूहळू, तासाला एखादा अंश असं करत, 29-30 पर्यंत न्यायचं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, एअर पंप चोवीस तास चालू हवा. गोल्डफिशला इतकं तापवू नका, तिथे मीठ बरं.

मीठ म्हणजे साधं जाडं मीठ, लिटरला 1 ते 2 ग्रॅम, विरघळवून, दिवसभरात तीन-चार हप्त्यांत. मीठ पाण्याबरोबर उडून जात नाही. वाफ झालेलं पाणी भरताना पुन्हा मीठ टाकायचं नाही. कोरीडोरास, लोच यांसारखे नाजूक मासे आणि जिवंत झाडं असतील तर मीठ जपून, आणि मॅलाकाइट ग्रीनचं औषध असेल तर डोस निम्मा.

फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तो आधी काढायला सांगा. तो औषधच शोषून घेतो. हे न सांगता विकलेली बाटली म्हणजे पैसे गटारात.

ठिपका दिसला म्हणजे इक असं नाही

नर गोल्डफिशच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला बारीक पांढरे दाणे येतात. ते वयात आल्याचं लक्षण आहे. मासा खातोय, पळतोय, आणि दाणे फक्त तिथेच आहेत, तर गिऱ्हाइकाचं अभिनंदन करा आणि घरी पाठवा. एक रुपयाची विक्री न करता एवढा विश्वास मिळायची संधी दुसरी नाही.

तोंडाशी किंवा पाठीवर कापसासारखा पांढुरका थर असेल तर दुसरी भानगड. बुरशी असू शकते, पण बऱ्याचदा तो कोलमनॅरिस हा जीवाणूंचा आजार असतो, आणि तो उष्णतेने वाढतो. म्हणजे इकला जो हिटर तारतो तोच इथे मारतो. म्हणून फोनवर "पांढरं आलंय" एवढं ऐकून सल्ला देऊ नका. फोटो मागवा, शक्यतो बाजूने, टँकचा लाइट लावून.

पोट फुगून खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले असतील तर ड्रॉप्सी. त्यातून मासा क्वचितच वाचतो. खरं सांगा, बाटली गळ्यात मारू नका. आणि काही दुकानांत काउंटरखाली टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल ठेवून प्रत्येक आजाराला एक-एक दिली जाते, ते तर मला अजिबात पटत नाही. इकवर तिचा काडीचा उपयोग नाही, फिल्टरचे जीवाणू मात्र मरू शकतात, आणि अर्धवट डोसने औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात.

डोस काढताना "दोन फुटी टँक आहे" यावर जाऊ नका. लांबी, रुंदी, उंची इंचांत गुणा आणि 61 ने भागा, लिटर मिळतात. 24 × 12 × 15 चा टँक म्हणजे सुमारे 70 लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी 60 च्या आसपास. हा आकडा बाटलीवर मार्करने लिहून द्या.

आपल्या रॅकचं काय?

आजार बऱ्याचदा आपल्याच दुकानातून पिशवीत बसून जातो, हे बोलायला जड आहे. चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणांहून लांबचा प्रवास करून आलेला मासा दमलेला असतो. आल्या संध्याकाळी त्याला विकायला काढू नका. नवीन लॉट किमान आठ-दहा दिवस वेगळ्या टँकमध्ये, वेगळ्या जाळीसह ठेवा, आणि काचेवर "विक्रीसाठी नाही" असं लिहा. तुमच्या सगळ्या रॅकला एकच संप असेल तर हा टँक त्या लाइनवर नकोच. पाणी एक असलं की वरच्या कोपऱ्यातल्या मॉलीचा इक रात्रीतून खालच्या एंजलपर्यंत पोचतो.

आणि ज्याच्या घरी इक होऊन सगळे मासे गेलेत, तो दुसऱ्या दिवशी नवीन मासे मागायला येईल. देऊ नका. फिल्टर चालू ठेवून टँक दोन आठवडे रिकामा ठेवायला सांगा, मासा न मिळाल्याने परजीवी मरून जातो. जीवाणू उपाशी राहू नयेत म्हणून दर दोन दिवसांनी चिमूटभर खाद्य टाकायचं. नाव आणि तारीख वहीत लिहा, पंधराव्या दिवशी तुम्हीच फोन करा आणि येताना बाटलीत पाणी आणायला सांगा.