मैदानामागची माणसे

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोल चेंडू आणि अकरा-अकरा खेळाडू येतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मात्र ह्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथील फुटबॉलचे नियम १८५९ मध्ये मेलबर्न येथे प्रथम लिहिले गेले. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, आणि प्रत्येक संघाचे १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू पायाने मारला की ६ गुण, बाजूच्या जागेतून गेला तर १. व्यावसायिक सामन्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो गावोगावच्या लहान क्लबांचा, आणि तेथे बिनपगारी राबणाऱ्या माणसांचा.

एका सामन्यासाठी किती हात लागतात पाहा. सकाळी कोणीतरी मैदानावर रेषा आखतो, खांबांना गाद्या बांधतो. कोणी दुखापतींवर पट्ट्या बांधतो, कोणी खेळाडूंना पाणी नेऊन देतो. दोन्ही क्लबांचे वेळाधिकारी शेजारी शेजारी बसून एकच घड्याळ सांभाळतात. स्वयंपाकघरात पाय आणि सॉसेज तयार होत असतात. त्या विक्रीवर क्लबचा बराच खर्च निघतो. आणि सामना संपल्यावर चिखलाने माखलेल्या जर्सींचे बोचके कोणाच्या तरी घरी धुवायला जाते.

ह्यांतला गोलपंच मला सर्वांत विलक्षण वाटतो. लहान स्पर्धांत बहुधा प्रत्येक क्लब आपला एक माणूस ह्या कामाला देतो. ६ गुणांना दोन निशाणे, १ गुणाला एक. बऱ्याच ठिकाणी अंगात अजूनही जुन्या पद्धतीचा पांढरा कोट असतो. चेंडू खांबाला चाटून गेला तर त्याला आपल्याच क्लबाविरुद्ध निर्णय द्यावा लागतो, आणि तो ऐकायला मागे शेजारीपाजारीच उभे असतात!

अशांचा गौरव होत नाही असे नाही. क्लबच्या दालनात सोनेरी अक्षरांचे फलक असतात. आजीव सदस्यत्व देतात. हंगामाच्या शेवटी पारितोषिकांच्या रात्री उत्तम खेळाडूबरोबर 'बेस्ट क्लबमन'ही निवडतात. (त्या नावातला 'मॅन' काढून अनेक क्लब आता 'क्लबपर्सन' म्हणतात.) मे महिन्यात राष्ट्रीय स्वयंसेवक सप्ताह असतो. समाजसेवेसाठी 'ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया'चे पदक १९७६ पासून दिले जाते, आणि क्लबांत आयुष्य वेचलेल्यांनाही ते मिळते.

पण ह्या फलकांवर असते काय? अध्यक्ष, कर्णधार, उत्तम खेळाडू. जर्सी कोणी धुतल्या ह्याचा रकानाच नाही. एके काळी स्वयंपाकघर आणि निधी हे 'लेडीज कमिटी'चे काम असे. ज्या कमाईवर क्लब तगला ती स्त्रियांनी उभी केली, आणि सोनेरी अक्षरे बहुतेक पुरुषांच्या वाट्याला आली. २०१७ मध्ये स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून लहान क्लबांतही स्त्रियांचे संघ वाढले, ही समाधानाची गोष्ट. म्हणून जुन्या फलकावर कोणाचे नाव चढले असे मात्र नाही.

दुसरी अडचण पैशाची. ग्रामीण क्लबसुद्धा चांगल्या खेळाडूंना मानधन देतात. हा खर्च इतका वाढला की व्हिक्टोरियात २०१६ पासून खेळाडूंवर गुणांची आणि २०१७ पासून मानधनावर मर्यादा घालावी लागली. खेळाडूला पाकीट आणि पट्ट्या बांधणाऱ्याला वर्षाअखेर टाळ्या! स्वयंसेवकाला रोजंदारी द्यावी असे माझे म्हणणे नाही. तशी द्यायची तर बहुतेक क्लब एका हंगामात बंद पडतील, आणि त्या माणसालाही ते रुचणार नाही; शेजाऱ्यांच्या मुलांसाठी केलेल्या कामाला दर लावलेला कोणाला आवडेल?

मला खटकतो तो गौरवाचा काळ. वीस-तीस वर्षे राबून माणूस थकला की त्याला आजीव सदस्य करतात. कधी गौरव हीच पुढच्या कामाची विसार असते: टाळ्या वाजतात आणि पुढल्या वर्षाच्या किल्ल्याही त्याच्याच हाती येतात. असो. 'अनेक वर्षांच्या सेवेबद्दल' असे मोघम लिहिण्याऐवजी 'अमुक हंगामांत प्रत्येक शनिवारी जर्सी धुतल्या' असे लिहिले तर ऐकणाऱ्या तरुणांना निदान कळेल की ते काम कोणीतरी करीत होते. आणि त्याच सभेत पुढल्या हंगामासाठी त्या बोचक्याच्या पाळ्या ठरवून घ्याव्यात. त्यांत मानधन घेणाऱ्या खेळाडूंचीही नावे असावीत.