टीम कार मागे नसलेल्यांसाठी

सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक फार प्रश्न विचारू लागले की एक वाक्य हमखास येते : ‘‘सर, प्रो लोक हेच वापरतात.’’ प्रस्तुत लेखकाने ते पुण्यातल्या एका दुकानात इतक्यांदा ऐकले आहे, की आता टूर द फ्रान्स बघतानाही त्याला काउंटरमागचा तो चेहरा आठवतो. नाव लिहायची फार इच्छा आहे. पण राहू दे.

मागणी साधी होती. कार्बनच्या हुकलेस रिमा आणि त्यांवर २८ मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर. मेसेजमध्ये तसे लिहिले होते, तो मेसेज आजही फोनमध्ये आहे. दुकानाने २८ चे टायर संपले म्हणून २५ चे साधे क्लिंचर बसवले, आत ट्यूब घातली, मेकॅनिकने शंभर पीएसआय हवा मारली आणि ‘रेडी’ म्हणून सायकल हवाली केली. बदल सांगायचीही तसदी घेतली नाही. त्याच रात्री हॉलमध्ये भिंतीला टेकवलेल्या सायकलचा पुढचा टायर रिमवरून निसटला, ट्यूब फुटली आणि सोसायटीचा वॉचमन वर धावत आला. सायकलवर कुणी बसलेले नव्हते, एवढेच नशीब.

खरा संताप आला तो नंतर, टॉर्च लावून रिम पाहताना. बारीक अक्षरांत स्वच्छ छापले होते : कमाल दाब ७२.५ पीएसआय, फक्त ट्यूबलेस टायर. दुकानातल्या कुणी ती ओळ वाचलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मालकाचे पहिले वाक्य, ‘‘तुम्ही घरी जाऊन परत हवा भरली असेल.’’ दुसरे, ‘‘उन्हात ठेवली होती का?’’ रात्री, हॉलमध्ये! तिसरे वाक्य वर आलेलेच आहे, सोबत मोबाईलवर एका शर्यतीचा व्हिडिओ. टायरचे पैसे मिळाले, रिमच्या कडेला गेलेल्या चिरेबद्दल अजून ‘कंपनीला मेल टाकलाय’.

आता मुद्द्याचे. जुन्या पद्धतीच्या रिमची कड आतल्या बाजूला किंचित वळलेली असते आणि दाब वाढला की टायरचा काठ तिच्यात अडकून राहतो. हुकलेसमध्ये ही कड सरळ. कार्बनच्या साच्यातून अशी रिम काढणे सोपे आणि स्वस्त, कडही जाड राहते, आघात सोसते. पण टायर धरून ठेवण्याचे सगळे काम टायरचा न ताणणारा काठ आणि नेमके माप यांच्यावर येते. म्हणून पाच बारची, म्हणजे ७२.५ पीएसआयची मर्यादा.

प्रो लोकही यातून सुटलेले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूरमध्ये लोट्टो-डिस्टनीचा थॉमस डी गेंट पडला, तेव्हा पुढचा टायर हुकलेस रिमवरून निघाला होता. टायर २८ चा, रिमची आतील रुंदी २५ मिलिमीटर. नव्या आयएसओ मानकाप्रमाणे अशा रिमला किमान २९ चा टायर हवा. टायर आणि रिमच्या कंपन्यांनी दगडावर आपटल्याचे कारण दिले, तर सायकलपटूंच्या संघटनेचा अध्यक्ष अ‍ॅडम हॅन्सन याने हुकलेसविरुद्ध उघड भूमिका घेतली. सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआय हिनेही विषय अभ्यासाला घेतला.

शिवाय प्रो काय वापरतो, हे बहुतेक वेळा त्याचा प्रायोजक ठरवतो. २०१८ मध्ये अ‍ॅक्वा ब्लू स्पोर्ट या आयरिश संघाला पुढे एकच चेनरिंग असलेली थ्रीटी स्ट्राडा सायकल मिळाली. आपले खेळाडू चाचणीचे ससे झाले आहेत आणि त्यात निकाल हातचे जाताहेत, असे खुद्द मालकानेच जाहीरपणे सुनावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संघ गुंडाळला गेला. दोष एकट्या सायकलचा नव्हता, पैशाचाही होता.

एक चेनरिंग कधी कामालाही येते. २०२३ च्या इटलीतल्या जिरो शर्यतीत मोंते लुस्सारीच्या उभ्या चढावर प्रिमोझ रोग्लिचने तेच निवडले, मागे १०-४४ ची कॅसेट. भर चढात चेन उतरली. पण मागे मोटरसायकलवर मेकॅनिक होता, पुन्हा निघताना एका प्रेक्षकाने ढकलून दिले, आणि रोग्लिचने टप्पा जिंकून शेवटी जिरोही १४ सेकंदांनी घेतली. ताम्हिणी घाटात आपली चेन उतरली तर मागे असतो तो एसटीचा हॉर्न.

हलके सामान म्हणाल तर मार्च २०२१ मध्ये ल सामँ शर्यतीत मातिऊ व्हान डर पूलच्या कॅन्यन एरोडचा हँडलबार एका बाजूने तुटून लोंबू लागला. तो तसाच चालवत राहिला आणि त्याचा सहकारी टिम मर्लियर जिंकला. लगेच कॅन्यनने त्या मॉडेलच्या ग्राहकांना सायकल चालवू नका असे कळवले. २००६ च्या पॅरिस-रूबेमध्ये जॉर्ज हिंकॅपीच्या फोर्कची स्टिअरर नळी दगडी रस्त्यावर तुटली आणि तो खांद्यावर आपटला.

तेव्हा पुढे वाचणाऱ्यांसाठी : बिलावर तीन आकडे लिहून घ्या. रिमची आतील रुंदी, टायरची रुंदी, कमाल दाब. ‘लिहायची काय गरज’ असे उत्तर आले तर दुसरे दुकान बघा. रिम हुकलेस असेल तर ट्यूब घातली तरी टायर ट्यूबलेसचाच हवा, आणि रिम बनवणाऱ्याच्या यादीतला. हवा स्वतः भरा, वेगळ्या गेजवर एकदा पडताळा. पहाटे २५ अंशांना ७२ पर्यंत भरलेला टायर दुपारी ४५ अंशांवर गेला की दाब आणखी पाच-सहा पीएसआय चढतो, म्हणून उन्हाळ्यात मर्यादेला टेकूच नका. तसेही दाब वजनावर ठरतो आणि बरेच प्रो आपल्यापेक्षा हलके असतात. त्यांचा दाब आपल्याला कशाला? पोगाचारसारखा प्रो १६५ मिलिमीटरचा क्रँक वापरतो म्हणून आपलाही बदलायचा असेल तर आधी नीट बाइक फिटिंग करून घ्या. हेल्मेट वगैरे सगळ्यांना ठाऊकच आहे.

जुनी रेसिंग सायकल घेणाऱ्यांनी क्रँक मात्र उलटा करून बघावा. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने २०१२ ते २०१९ मधले अकरा-स्पीडचे अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँक तपासणीसाठी परत मागवले, जगभरात सुमारे २८ लाख. चिकटवलेले दोन भाग सुटत होते आणि उत्तर अमेरिकेतच साडेचार हजारांहून जास्त तक्रारी आल्या होत्या. आपल्याकडे या मॉडेलच्या जुन्या सायकली सर्रास विकल्या जातात. क्रँकच्या मागच्या बाजूला दोन अक्षरी कोड असतो, तो शिमानोच्या यादीशी ताडून बघावा. जोडावर फट दिसली किंवा जोर लावताना कुरकुर ऐकू आली तर सौदा तिथेच थांबवावा. विक्रेता म्हणेल, ग्रीस लावले की जाईल आवाज.