खलनायकाच्या कचेरीतील नोकरी
(द्वितीय वर्ष, कला)

खलनायकाने नायिकेला पळवावे, नायकाने तिला सोडवावे आणि शेवटी अक्षता पडाव्यात, ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, नायिकेने आपण होऊन खलनायकाकडे नोकरी धरली तर प्रथम हसूच येते. हॅना निकोल मेहरर या अमेरिकन लेखिकेची ‘असिस्टंट टू द व्हिलन’ ही २०२३ सालची कादंबरी याच हसण्यावर उभी आहे. लेखिका आधी टिकटॉकवर स्वतःच सहायिकेचे सोंग घेऊन छोटे विनोदी प्रवेश करीत असे. त्यांतून ही कादंबरी जन्मली. (टिकटॉकवर आपल्याकडे २०२० साली बंदी आली. तेव्हा माझी व या कथेची गाठ पडली ती एका मैत्रिणीने पुस्तक हाती दिले म्हणून. शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला तीन आठवडे लागले, हेही प्रांजळपणे सांगते.)

कथा रेनेडॉन नावाच्या कल्पित राज्यात घडते. नायिका एव्ही सेज. वडील आजारी, धाकटी बहीण लहान, घर तिच्या पगारावर. नोकरी नाही अशा दिवसांत तिची गाठ पडते ती राज्यभर ज्याच्या नावाने थरकाप होतो त्या ‘व्हिलन’शी, आणि ती त्याची सहायिका होते. मग त्या कचेरीचे वर्णन! प्रवेशदाराशी छताला मुंडकी टांगलेली, आणि त्यांच्या खालून मंडळी रोज कामावर जातात. धांदरट शिकाऊ उमेदवार आहेत, आस्थापना विभागाची करारी बेकी आहे, ड्रॅगनला माणसाळवू पाहणारा ब्लेड आहे. मुकुट घातलेला एक बेडूक तर पाट्यांवर एकेक शब्द लिहून आपले मत देतो. भयंकर वस्तूंकडे कारकुनाच्या नजरेने पाहायचे, ही लेखिकेची युक्ती. ती फार खोल नाही, पण पुष्कळ वेळा साधते. मधला भाग मात्र रेंगाळतो. धन्याच्या देखणेपणाची वर्णने निम्मी केली असती तरी चालले असते.

मला थांबवले ते लोहाराच्या प्रकरणाने. एव्ही पूर्वी गावातल्या एका लोहाराकडे कामाला होती. हा मनुष्य खलनायक नव्हे, चारचौघांतला. त्याने तिच्याकडे नको ती मागणी केली, तिने नकार दिला, आणि त्याने तिच्यावर सुरी चालवली. त्या जखमेचा वण ती अंगावर लपवून वावरते. इकडे ज्याला सारे दुष्ट म्हणतात तो धनी तिच्यावर मनातून जीव जडवूनही कितीतरी काळ तोंडातून अवाक्षर काढीत नाही. पुढे कळते की, हा धनीही तरुणपणी राजाच्या पदरी काम शिकत होता आणि राजानेच त्याचा घात केला. म्हणजे कादंबरीत दुष्टपणाचे माप मुंडक्यांच्या संख्येवरून घेतलेले नाही. हाताखालच्या माणसाशी कोण कसा वागतो, यावरून घेतले आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. आई एका ठिकाणी माल निवडण्या-भरण्याच्या कामाला जाते. एका संध्याकाळी ती मेथी निवडत असताना मी तिला ही गोष्ट सांगितली. मुंडक्यांचे ऐकून ती हसली नाही, घाबरलीही नाही. म्हणाली, “पगार येळेवर देतो का?” मी म्हटले, देतो, चांगला देतो. थोड्या वेळाने काडी मोडता मोडता म्हणाली, “आन ती उद्या त्याला नाही म्हनली, तर काम ऱ्हाईल का तिचं?”

कादंबरीवरचा याहून नेमका प्रश्न मला तरी सुचला नव्हता. तो धरून मी जुन्या कथा पुन्हा चाळल्या. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ ही फ्रेंच कथा (१७४० साली मादाम द व्हिलनव्ह यांनी लिहिली, १७५६ साली मादाम द बोमाँ यांनी आटोपशीर केली) घ्या. तिथेही मुलगी जाते ती बापासाठीच. पशू दर रात्री तिला लग्नाचे विचारतो, ती दर रात्री नाही म्हणते. आणि दुसऱ्या दिवशी तिचे ताट तसेच वाढलेले असते! शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) जेन ही रॉचेस्टरच्या घरी पगारी शिक्षिका. त्याची बायको जिवंत असल्याचे उघड होताच ती नोकरी, निवारा, सारे सोडून रिकाम्या हाताने निघते. परत येते ती चुलत्याचा वारसा मिळाल्यावर, स्वतःच्या पैशावर. लेखिकेने तो वारसा उगाच आणला, असे पूर्वी मला वाटे. आता वाटत नाही.

एव्हीला असा वारसा नाही. ती नोकरी सोडू शकत नाही, हे पहिल्याच पानांत आपल्याला कळते; आणि इथेच ही हलकीफुलकी कादंबरी थोडी चुकारपणा करते. व्हिलन सभ्य निघाला म्हणून प्रश्न सुटतो, पण सुटतो तो त्याच्या मर्जीने. आपल्याकडे विशाखा खटल्याचा निकाल १९९७ साली लागला आणि २०१३ साली कायदा झाला. दहा वा अधिक माणसे कामाला असतील तिथे तक्रारीसाठी समिती हवी, असे तो सांगतो. धनी सज्जन आहे की नाही यावर तो विसंबत नाही. बेकीच्या विभागात अशी समिती असती आणि खुद्द व्हिलनला तिच्यापुढे उभे राहावे लागले असते, तर विनोदालाही धार आली असती, असे मला राहून राहून वाटते.

तरीही कादंबरी वाचावी, असेच मी म्हणेन. लोहाराचा प्रसंग लिहिणाऱ्या लेखिकेला प्रश्न ठाऊक नाही, असे म्हणवत नाही.

मी दहावीत असताना आई हंगामाच्या मधोमध एक काम सोडून आली होती. त्या वर्षी माझी फी मावशीने भरली. काम का सोडले, हे मी तेव्हा विचारले नव्हते. मेथी निवडून झाली त्या संध्याकाळीही विचारले नाही. कादंबरीचे पुढचे दोन भाग २०२४ आणि २०२५ साली आले आहेत, ते अजून मिळायचे आहेत. परवा भाकरी थापता थापता आईनेच विचारले, “त्या पोरीचा बाप बरा झाला का गं?”